लवादाचा निवाडा हातात आहे, पगार मात्र जुनाच: कोर्ट त्यात किती हात घालू शकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. संवर्गाला दहा आणि वीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी द्यायची, असा करार संघटना आणि प्रशासन यांच्यात झाला. ही वर्षं रुजू तारखेपासून मोजायची की नियमित झाल्यापासून, यावर वाद झाला. तो लवादाकडे गेला आणि निवाडा तुमच्या बाजूने लागला. आता प्रशासन म्हणतं, आम्ही कोर्टात जाणार. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: कोर्ट निवाडा फिरवू शकतं का, आणि तीन महिने उलटून गेले म्हणजे प्रशासनाची संधी संपली का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्या भरवशावर तुम्ही निवांत बसला असाल तर ते धोक्याचं आहे. तीन महिन्यांची (आणि फार तर वर तीस दिवसांची) मुदत १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्यातल्या कलम ३४ ची आहे. तो कायदा मुख्यतः व्यापारी आणि खासगी करारांतल्या लवादासाठी आहे. पगाराच्या सामूहिक वादातला लवाद बहुतेक वेळा त्या कायद्याखाली येतच नाही. म्हणजे ती मुदत तुमच्या बाजूनेही चालत नाही आणि विरुद्धही चालत नाही. हल्ली २०२५ च्या घटनापीठाचा गायत्री बालसामी निर्णय दाखवून ‘आता कोर्टाला निवाडा बदलताही येतो’ असं सांगणारे भेटतात. तो निर्णयही याच कलम ३४ चा अर्थ लावतो. तुमच्या कामाचा नाही.

मग खरा प्रश्न काय? तुमच्या निवाड्याला बळ कुठून आलं, हा. निवाडा कायद्यातून जन्मला, सरकारच्या योजनेतून जन्मला, की नुसत्या दोन सह्यांतून, यावर ठरतं की कोर्ट कोणतं, मुदत कोणती, आणि कोर्ट किती खोल जाणार. तुमच्या प्रश्नात आस्थापना खातं आहे की महामंडळ, हे लिहिलेलं नाही. त्यामुळे दोन्ही वाटा सांगतो, तुमची कोणती ते कागद बघून ठरवा.

त्याआधी शब्दांचा एक गोंधळ. आपल्याकडे पगाराबाबत कुणीही काहीही ठरवलं की त्याला ‘अवॉर्ड’ म्हणतात. बँकवाल्यांचे १९५३ चा शास्त्री अवॉर्ड आणि १९६२ चा देसाई अवॉर्ड हे औद्योगिक न्यायाधिकरणाचे निवाडे होते, लवादाचे नव्हेत. २०२१ च्या एसटी संपात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्रिसदस्यीय समिती बसली, तिचा अहवाल म्हणजेही निवाडा नव्हे. अनॉमली कमिटीची, म्हणजे वेतनातल्या त्रुटी बघणाऱ्या समितीची, शिफारसही नव्हे. हातातल्या कागदावर ‘निवाडा’ लिहिलंय म्हणून तो निवाडा होत नाही. वाद कुणी, कोणत्या तरतुदीखाली, कोणत्या मुद्द्यांवर सोपवला, ते पहिल्या दोन पानांत असतं. वकिलाकडे जाताना ती दोन पानं आधी वाचून जा.

तुम्ही केंद्र सरकारच्या खात्यात असाल तर

खात्यातला कर्मचारी आणि सरकार यांचं नातं कराराचं नसून दर्जाचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रोशनलाल टंडन प्रकरणात स्पष्ट केलं. नेमणूक करारासारखी सुरू होते, पण नंतर सेवाशर्ती नियमांनी ठरतात आणि सरकार त्या एकतर्फी बदलू शकतं. म्हणून संघटनेशी झालेला ‘करार’ हा शब्द इथे जरा जपून वापरायचा. सरकारने त्यावर आदेश किंवा नियम काढला की त्याला कायद्याचं अंग येतं. तोवर ती सहमती असते.

केंद्रात या सहमतीसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे, सगळे तिला जेसीएम म्हणतात. ती ऑक्टोबर १९६६ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय परिषद, खाते परिषदा, कार्यालय परिषदा अशी तिची उतरंड. स्टाफ साइड (कर्मचारी) आणि ऑफिशियल साइड (सरकार) यांचं एकमत झालं नाही तर सक्तीच्या लवादाची सोय त्यात आहे, पण तीनच विषयांवर: वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि एखाद्या वर्गाची किंवा श्रेणीची रजा. एकट्या कर्मचाऱ्याचं प्रकरण लवादाकडे जात नाही. बढतीचे नियम, ज्येष्ठता, बदल्या हेही जात नाहीत. आणि वाद सोपवण्याआधी परिषदेत अंतिम मतभेद नोंदलेला असावा लागतो. मंडळ तिघांचं: दोन्ही बाजूंनी दिलेल्या नावांतून एकेक सदस्य आणि एक निष्पक्ष अध्यक्ष.

घोडं पेंड खातं ते पुढे. निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक आहे, पण संसदेचा अधिकार त्याच्या वर ठेवलेला आहे. राष्ट्रीय अर्थव्यवस्था किंवा सामाजिक न्याय या कारणांवरून निवाड्यात बदल करायचा असेल किंवा तो नाकारायचा असेल, तर सरकारने तो कारणांसह दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा आणि संसदेने ठरवायचं. म्हणजे सरकारला निवाड्याविरुद्ध अपील दिलेलं नाही, दिलेली वाट संसदेची आहे. म्हणून खात्याचा एखादा उपसचिव ‘वित्त विभागाने नकार दिला’ असं पत्र पाठवतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: प्रस्ताव संसदेपुढे ठेवला का? कोणत्या तारखेला? ठेवला नसेल तर नुसतं पत्र काढून निवाडा मारता येत नाही, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ठेवला असेल तर लढाई अवघड होते, कारण संसदेपुढे पडून असलेल्या प्रस्तावावर न्यायाधिकरण चटकन हात घालत नाही.

ही यंत्रणा कायद्याने स्थापन झालेली नाही, ती प्रशासकीय योजना आहे. त्यामुळे निवाडा घेऊन दिवाणी न्यायालयात ‘डिक्रीसारखी (हुकूमनाम्यासारखी) अंमलबजावणी करा’ असं म्हणता येत नाही. जायचं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये. मागायचं काय, तर सरकारने स्वतः बंधनकारक मानलेली गोष्ट न पाळणं हे मनमानी आहे आणि घटनेतल्या समानतेच्या अनुच्छेद १४ व १६ ला धरून नाही. अर्जाची मांडणी ‘निवाड्याची अंमलबजावणी’ अशी न करता ‘अमुक तारखेचं नकारपत्र रद्द करा आणि निवाड्याप्रमाणे वेतननिश्चिती करा’ अशी करावी. आव्हान द्यायला एक ठोस आदेश लागतो. तो नसेल तर निवेदन देऊन मिळवावा लागतो.

मुदतीचं गणित इथे वेगळं आहे. अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदन दिलं आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. एकामागून एक निवेदनं देत राहिल्याने मुदत वाढत नाही. जुनाट मागणीवर खात्याने नंतर कधी उत्तर दिलं तरी मुदत नव्याने जिवंत होत नाही, हे सी. जेकब प्रकरणात (२००८) सांगितलेलं आहे. अर्जाची फी पन्नास रुपये. अनेकांचा प्रश्न एकच असेल तर परवानगी घेऊन एकत्र अर्ज करता येतो. संघटनाही येऊ शकते, पण तिच्यासोबत प्रत्यक्ष फटका बसलेला निदान एक कर्मचारी अर्जदार असावा लागतो. तो विसरला की पहिली तारीख त्यातच जाते. कॅटच्या निकालावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जायचं. एल. चंद्रकुमार निर्णयापासून (१९९७) थेट सर्वोच्च न्यायालयाची वाट बंद झाली.

लवादाच्या निवाड्यातून वेतनातली प्रगती कशी फुटते, याचं एक जुनं उदाहरण

या विषयातलं शिकण्यासारखं प्रकरण म्हणजे ड्राफ्ट्समनचं (आराखडे काढणाऱ्यांचं). केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागातल्या ड्राफ्ट्समनच्या तीन श्रेणींच्या पगाराचा वाद लवाद मंडळाकडे गेला आणि १९८० मध्ये निवाडा झाला. त्यातून श्रेणी तीनला २६०-४३० ऐवजी ३३०-५६०, श्रेणी दोनला ३३०-५६० ऐवजी ४२५-७००, आणि श्रेणी एकला ४२५-७०० ऐवजी ५५०-७५० मिळाले. निवाडा एका विभागापुरता होता. मग बाकीच्या खात्यांतले ड्राफ्ट्समन म्हणाले, आम्ही काय वेगळं काम करतो?

१३ मार्च १९८४ च्या ज्ञापनाने (ऑफिस मेमोरँडमने) अर्थ मंत्रालयाने ती श्रेणी इतर खात्यांनाही लागू केली, पण अट घातली: भरतीची पात्रता बांधकाम विभागासारखी असली पाहिजे. लाभ १३ मे १९८२ पासून काल्पनिक, म्हणजे फक्त वेतननिश्चितीच्या हिशोबापुरता, प्रत्यक्ष रोख १ नोव्हेंबर १९८३ पासून. ‘सारखी’ म्हणजे किती सारखी, यावर पुढची दहा-बारा वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. आयुध निर्माण्यांतल्या आणि सैन्याच्या बेस वर्कशॉपमधल्या ड्राफ्ट्समनचं प्रकरण देबाशिष कर या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलं. खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव अशा निर्माण्यांतल्या जुन्या मंडळींना हे नाव आजही पाठ असतं.

दरम्यान १९ ऑक्टोबर १९९४ च्या ज्ञापनाने पात्रतेची अट बाजूला ठेवून सेवेच्या वर्षांवर श्रेणी देण्याची सोय झाली: ९७५-१५४० मधून १२००-२०४० मध्ये जायला सात वर्षं, तिथून १४००-२३०० ला पाच, तिथून १६००-२६६० ला चार. म्हणजे एका विभागातल्या निवाड्यातून सगळ्या खात्यांसाठी वर्षांवर आधारलेली प्रगती तयार झाली. पण इथे नीट बघा. कोर्टाने कुठेही लवादाचा निवाडा स्वतः तपासून ‘योग्य वेतनश्रेणी’ ठरवली नाही. सरकारने स्वीकारलेला निवाडा आणि त्यावर काढलेलं ज्ञापन सगळ्यांना सारखं लागतं का, एवढंच तपासलं.

तुमच्या प्रकरणात हाच फरक कामाचा आहे. आमच्या कामाची किंमत जास्त आहे, ही मागणी घेऊन गेलात तर कोर्ट दार लावून घेतं. जे. पी. चौरसिया (१९८९) आणि पी. व्ही. हरिहरन (१९९७) हे दोन निर्णय सरकारी वकील पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर ठेवतो: पदांची तुलना आणि वेतनश्रेणी ठरवणं हे वेतन आयोग आणि सरकारचं काम, न्यायाधिकरणाचं नव्हे. तुम्ही म्हणायचं ते वेगळं: श्रेणी ठरवून झालेली आहे, ठरवणाऱ्याने ठरवलेली आहे, आम्ही फक्त ती लागू करा म्हणतोय. अर्जातलं प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासून बघा. समान कामासाठी समान वेतनाचा मुद्दा दुय्यम ठेवा, नाहीतर वादाचा केंद्रबिंदू तिकडे सरकतो आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

एक सावधगिरी. प्रश्न आश्वासित प्रगतीचा, म्हणजे १ सप्टेंबर २००८ पासूनच्या दहा-वीस-तीस वर्षांच्या सुधारित योजनेचा असेल, तर वेतन आयोगाच्या शिफारशीप्रमाणे ठरलेल्या बाबींवर ठरावीक काळ लवाद मागता येत नाही, अशी अट जेसीएमच्या योजनेतच आहे. तुमचा वाद त्या काळात सोपवला गेला असेल तर प्रशासन अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढणार. शिवाय एम. व्ही. मोहनन नायर (२०२०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की या योजनेत पुढची ग्रेड पे मिळते, बढतीच्या पदाची नव्हे. निवाड्यात याच्या उलट काही असेल तर तो भाग टिकणं कठीण.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडची दहा-वीस-तीसची योजना वित्त विभागाच्या २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयातून आली, लवादातून नाही. तिथे वाद जीआरच्या अर्थाचा असतो आणि तो मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मात्र मॅटच्या कक्षेत नाहीत, त्यांना उच्च न्यायालयात रिट करावं लागतं. चुकीच्या दारात दोन वर्षं काढून परत आलेली प्रकरणं कमी नाहीत.

तुम्ही महामंडळ, वीज कंपनी, परिवहन किंवा अशा आस्थापनेत असाल तर

इथे चित्र बदलतं. तुम्ही कामगार या व्याख्येत बसत असाल आणि आस्थापना उद्योग असेल, तर वेतनकरार खरोखरचा करार असतो आणि लवाद कायद्यातला असतो: औद्योगिक विवाद कायद्याचं कलम १०-अ, स्वेच्छेचा लवाद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिच्यात ही सोय कलम ४२ मध्ये आहे. तुमचा वाद आधी सोपवला गेला असेल तर जुन्या कायद्याच्या पायऱ्या पाळल्या गेल्या का, हे बघायचं. खाली त्याच सांगतो. दोन्हीकडे सामान्य लवाद कायदा स्पष्टपणे वगळलेला आहे.

कलम १०-अ मधली सगळ्यात मोठी गोम प्रसिद्धीची आहे. वाद लवादाकडे सोपवण्याचा लेखी करार ठरावीक नमुन्यात करायचा, प्रत सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला द्यायची, आणि सरकारने महिन्याभरात तो राजपत्रात छापायचा. कर्नाल लेदर प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी अनिवार्य ठरवली. ती नसेल तर निवाडा ढासळतो. दोन्ही बाजू गोडीगुलाबीने लवादाकडे जातात, कागद मंत्रालयात पडून राहतो, राजपत्रात काही येत नाही, निवाडा होतो, आणि मग हरलेली बाजू हेच बोट दाखवते. म्हणून आजच राजपत्राचा तो अंक शोधा. सापडला नाही तर माहिती अधिकारात मागा. पुढे काय होणार याचा निम्मा अंदाज त्या एका कागदावरून येतो.

नंतर निवाडाही सरकारकडे पाठवून तीस दिवसांत प्रसिद्ध करायचा असतो आणि प्रसिद्धीपासून तीस दिवसांनी तो अंमलात येतो. बंधन कुणावर? साधारणपणे करारावर सही करणाऱ्या पक्षांवर. बहुसंख्य कामगारांचं प्रतिनिधित्व असल्याची खात्री पटून सरकारने तशी अधिसूचना काढली असेल, तरच इतर संघटनांच्या सदस्यांवरही. तुमच्याकडे दोन-तीन संघटना असतील तर ही अधिसूचना निघाली होती का, ते बघा. एका संघटनेला प्रगती मिळाली आणि दुसरीचे सदस्य उपाशी, हा प्रकार त्यातूनच होतो.

आता कोर्ट. या लवादाविरुद्ध अपील नाही. पण रोहतास इंडस्ट्रीज प्रकरणात (१९७६) ठरलं की कलम १०-अ चा लवाद अनुच्छेद २२६ च्या कक्षेत येतो, म्हणजे उच्च न्यायालयात रिट चालतं. निवाडा फिरवता येतो का, याचं उत्तर गुजरात स्टील ट्यूब्ज (१९८०) मध्ये आहे: योग्य प्रकरणात उच्च न्यायालय निवाडा रद्द तर करू शकतंच, शिवाय लवादाने जे करायला हवं होतं ते स्वतःही करू शकतं. तर हो, फिरवू शकतं. पण किती सहज?

सय्यद याकूबपासून (१९६४) कसोटी तीच आहे. कोर्ट चार गोष्टी बघतं. लवाद अधिकाराबाहेर गेला का, त्याने दुसऱ्या बाजूचं ऐकलं का, कायद्याची चूक निवाड्याच्या तोंडावरच दिसते का, आणि निष्कर्षाला काडीचाही पुरावा नाही असं आहे का. साक्षीपुरावा पुन्हा तोलून ‘आम्हाला दुसरं मत पटतं’ असं म्हणत नाही. ‘वीस वर्षे’ या शब्दांचे दोन अर्थ निघत असतील आणि लवादाने त्यातला एक कारणं देऊन घेतला असेल, तर कोर्टाला दुसरा अर्थ आवडला तरी ते सहसा थांबतं. प्रशासनाच्या वकिलाला हे माहीत असतं, म्हणून तो अर्थाच्या वादात शिरत नाही. तो सगळा प्रश्न अधिकारक्षेत्राकडे वळवतो.

तो वळवतो कसा, तर सोपवलेल्या मुद्द्याच्या शब्दांवरून. मुद्दा असा होता का, की ‘करारातील कलम ७ मधील सेवा कालावधी कोणत्या तारखेपासून मोजावा’? मग लवादाने तारीख सांगितली तर ठीक. पण त्याने पुढे जाऊन ‘म्हणून तिसरी श्रेणीही द्यावी’ किंवा ‘थकबाकीवर नऊ टक्के व्याज’ असं लिहिलं, तर ते मुद्द्याबाहेरचं. चांगली गोष्ट ही की जास्तीचा भाग वेगळा काढता येत असेल तर कोर्ट तेवढाच कापतं, सगळा निवाडा फेकत नाही. उत्तरात तुम्ही स्वतःच हे म्हणून ठेवायचं: वादग्रस्त परिच्छेद वेगळे आहेत, बाकीचा निवाडा त्यांच्याशिवाय उभा राहतो. सगळंच वाचवायच्या हट्टापायी सगळंच घालवणारे भेटतात.

दुसरा हल्ला सरकारच्या मंजुरीचा. परिवहन महामंडळाचं उदाहरण घ्या: सेवाशर्तींचे विनियम राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीने करायचे, असं १९५० च्या कायद्याचं कलम ४५ सांगतं. मग ‘मूळ करारालाच मंजुरी नव्हती, लवाद त्याचा अर्थ काय लावणार’ असा युक्तिवाद येतो. त्यावर करार झाल्यापासून पहिल्या टप्प्याचा लाभ कुणाकुणाला दिला, अंदाजपत्रकात तरतूद कोणत्या वर्षी केली, सरकारला पाठवलेल्या पत्रांत काय लिहिलं, हे कागद कामाला येतात. करार राबवून झाल्यावर त्याला नाकारणं प्रशासनाला जड जातं.

तिसरा हल्ला पैशाचा. ‘महामंडळ तोट्यात आहे’ म्हणत ए. के. बिंदल (२००३) दाखवतील. तिथे आजारी सरकारी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना वेतनसुधारणेचा हक्क आहे का, हा प्रश्न होता. झालेल्या कराराचा आणि त्यावरच्या निवाड्याचा नव्हता. हा फरक दाखवा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. कोर्ट निवाडा ठेवतं आणि थकबाकी हप्त्यांत द्यायला सांगतं, असा शेवट व्यवहारात बराच दिसतो.

रिट दाखल करायला ठरलेली मुदत नाही, पण उशीर मारक ठरतो. प्रशासन आठ-दहा महिने झोपलं आणि तुम्ही वसुलीला लागल्यावर धावत कोर्टात आलं, तर तो उशीर ठळकपणे मांडा. स्थगिती मागितली गेली तर विरोधात नुसतं ‘स्थगिती देऊ नका’ म्हणू नका. चालू महिन्यापासून नवी श्रेणी लागू करा, थकबाकी कोर्टात जमा करा, अशी पर्यायी विनंती तयार ठेवा. न्यायाधीशांना मधला मार्ग हातात दिला तर तो स्वीकारण्याची शक्यता जास्त.

वसुलीसाठी जुन्या कायद्यातलं कलम ३३-क. रक्कम ठरलेली असेल तर सरकारकडे अर्ज, आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. रक्कम काढायची असेल तर कामगार न्यायालयात हिशोबाचा अर्ज. पण गणेश रझाक प्रकरण (१९९५) विसरू नका: हिशोबाच्या अर्जात नवा हक्क सिद्ध करता येत नाही, हक्क आधी मान्य झालेला लागतो. निवाड्यात तुमचं पदनाम नसेल, तर आधी ते सोडवा.

थकबाकी, आणि तिच्यासोबत येणारा कागद

दोन्ही वाटांवर शेवटी प्रश्न पैशांचा येतो. चुकीची वेतननिश्चिती हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, असं एम. आर. गुप्ता (१९९५) सांगतं. त्यामुळे उशिरा गेलात तरी दार बंद होत नाही. मात्र तरसेम सिंग (२००८) प्रमाणे थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती. म्हणजे थांबलेला प्रत्येक महिना मागच्या टोकाचा एक महिना खाऊन टाकतो. दुसऱ्यांच्या निकालाची वाट बघत कुंपणावर बसलेल्यांना काय मिळतं, हे अरविंद कुमार श्रीवास्तव (२०१५) मध्ये वाचा. सगळ्यांना सारखा लाभ हा नियम, पण उशीर करणाऱ्यांना त्यात अपवाद आहे.

आणि हा मुद्दा पगारपत्रकावर सही करताना लक्षात ठेवा. प्रशासन कधी कधी ‘न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून’ थकबाकी देतं आणि सोबत हमीपत्र घेतं: जास्त दिलं गेल्याचं आढळल्यास परत करीन. निवाडा नंतर रद्द झाला तर वसुली येते. रफीक मसीह निर्णयाने (२०१५) गट क आणि गट ड कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, तसंच पाच वर्षांहून जुनं जादा प्रदान, अशा वसुलींना आळा घातला. पण पुढच्याच वर्षी जगदेव सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हमीपत्र दिलं असेल तर ते बांधील धरलं जाईल. सहीला नकार दिला तर पैसे अडकतात, म्हणून बहुतेक जण सही करतात, आणि त्यात चूक नाही. फक्त त्या हमीपत्राची प्रत घ्या, त्यात ‘या निवाड्याविरुद्धच्या अमुक क्रमांकाच्या याचिकेपुरते’ असे शब्द घालून मागा, आणि निवृत्ती दोन-तीन वर्षांवर असेल तर निकाल लागेपर्यंत त्या रकमेला हात लावू नका. उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) एकरकमी कापणी होते तेव्हा कुणाकडे दाद मागायलाही वेळ उरत नाही.

निवाड्याची पहिली दोन पानं, सोपवलेला मुद्दा, आणि राजपत्राचा अंक किंवा परिषदेतल्या मतभेदाची नोंद, यांतला मजकूर नावं काढून इथे टाकलात तर यातली तुमची वाट कोणती ते नेमकं सांगता येईल.